पापडाची हनुवटी

पापडाला हनुवटी नसते. हे कुणाला समजावून सांगायची वेळ आपल्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली. आमच्या गच्चीवर एक पंचाहत्तरीचे गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. समोर पाटावर नाचणीचा एक पापड वाटीला टेकवून उभा केला होता, आणि ते त्याला अगदी मायेनं सांगत होते, "हनुवटी जरा खाली. अजून थोडी. हां. आता हलू नका."

आमच्याकडे पापड लाटायला येते ती पारूताई लाटणं हातात धरून बघत उभी. माहेर उरणचं, त्यामुळे बोलायला कुणाला भीत नाही. ती म्हणाली, "काका, पापड हाय तो. हलल कसा?"

काका मान न वळवता म्हणाले, "तू बाजूला हो. मुलीवर सावली पडते तुझी."

मुलगी म्हणजे तो पापड. काकांचं सगळं असंच. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर जे येईल ते लग्नाचं, मग ते माणूस असो की मेतकूट.

जुन्या पनवेलकरांना मी कुणाबद्दल बोलते ते एव्हाना कळलं असेल. लाइन आळीच्या तोंडाशी यांचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणी घेत नसे. 'हनुवटीकाकांकडे जाऊन ये' म्हणायचे सगळे. आत एक बाकडं, एक आरसा, आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीवर एक काळा कोट. तो एकच कोट. लहान माणसाला मागून कपड्यांचे चिमटे लावून घट्ट करायचा, मोठ्या माणसानं बटणं न लावता नुसता श्वास आत घ्यायचा. तुम्ही पनवेलातले जुने लग्नाचे अल्बम काढून बघा, चार घरांत चार नवरे निघतील आणि कोट तोच असेल. माझ्या घरीही आहे.

आणि मागे पडदा. त्यावर रंगवलेलं तळं, दोन हंस, संगमरवरी पायऱ्या, वर पूर्ण चंद्र आणि खाली लख्ख ऊन. चंद्र असताना ऊन कसं, असं मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "चंद्राचे वेगळे पैसे घेतले होते पेंटरनं. पुसायचा कसा?"

मग मोबाइल आले आणि लोक आपापली हनुवटी आपणच खाली करायला लागले. स्टुडिओ बंद झाला. गाळा भाड्यानं दिला तो नेमका मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला. हे काकांना फार लागलं होतं. पडदा, कोट आणि पावडरचा डबा त्यांनी घरी नेला, आणि पांढरा फुल शर्ट, गळ्याचं बटण लावून, खिशात कंगवा घेऊन, रोज संध्याकाळी गावातल्या तळ्यावर फिरायला जायला लागले. वाटेत कुणी भेटलं की आधी चेहरा निरखायचे आणि मग ओळख द्यायचे. मला नेहमी म्हणायचे, "तुझं लग्न माझ्या फोटोनं जमलं हं. विसरू नकोस." मी हसायचे. त्या लग्नाची गोष्ट वेगळी आहे, ती येईलच पुढे.

तर ते आमच्या गच्चीवर कसे आले ते सांगते. माझ्या सुनेची ऐरोलीची नोकरी सुटली. हुशार आहे पोरगी, रडत बसली नाही. फोटोंचं ते ॲप असतं ना, जिथे लोक आपण काय जेवलो ते न जेवलेल्यांना दाखवतात, त्यावर तिनं दुकान मांडलं. नाचणीचे पापड, कुरडया, लोणचं, मेतकूट. घरचंच सगळं. मला म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत बघते. चाललं तर चाललं, नाहीतर परत नोकरी धरते."

आता हे ऐकायला सोपं आहे. पण माझी नात तेव्हा नुकती चालायला, म्हणजे पळायला लागली होती. सून कामावर गेली असती तर ती दिवसभर माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर, आणि माझ्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. शिवाय पारूताईचं घर त्या लाटण्यावर चालायला लागलं होतं. त्यात खरं सांगायचं तर सून घरात असली की मला बोलायला माणूस असतं. आमचे हे बोलत नाहीत. आमचे हे पेपर वाचतात. तेव्हा ते दुकान चालायला हवं होतं, आणि ते चालत नव्हतं.

सुनेनं काढलेले फोटो मी बघितले. स्टीलच्या ताटात पापड, वर ट्यूबलाइट. एक्स-रे काढल्यासारखे दिसत होते. एकाच पापडाचे चाळीस काढायची आणि चाळीसही तसेच. ऑर्डर फक्त तिच्या मावशीची आली. तेव्हा मला काका आठवले.

ते आले ते पिशवी घेऊनच. पिशवीतून पडदा निघाला, कोट निघाला, पावडरचा डबा निघाला. पहिल्या दिवशी त्यांनी पापडाला पावडर लावली. "घामेजलीये," म्हणाले. पारूताईनं तो पापड उचलून कावळ्याला टाकला, तर कावळ्यानंही घेतला नाही.

पण बाकी काय सांगू. हंसांच्या तळ्यापुढे पापड ठेवला आणि त्याला असं काही रूप आलं की मीच बघत राहिले. लोणच्याची बरणी त्यांना उघडीबोडकी वाटली. मला म्हणाले, "खण आण घरातला." झाकणावर खण बांधला, खाली दोरीची गाठ मारली, बरणी लेकुरवाळी दिसायला लागली. मेतकुटाच्या डब्याला चक्क तो काळा कोट घातला, मागून चिमटे लावले. सून म्हणाली, "काका, हे काय?" तर म्हणाले, "नोकरीवाला वाटला पाहिजे."

आणि फोटो एकच. दुसरा काढायचाच नाही. सुनेचा फोन हातात धरला तरी रिळातली फिल्म संपेल या धाकानं एकदाच बोट टेकवायचे. "चांगली मुलगी एका फोटोत कळते," म्हणायचे.

लोकांना हे आवडायला लागलं. खाली विचारायचे, ही जागा कुठली? काश्मीर का? उत्तरं काका स्वतः द्यायचे, एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून. 'पनवेल. एस.टी. स्टँडवरून चालत.' आमच्या घरी मग बोलणंच बदललं. लाइकला काका 'पसंती' म्हणायचे. सकाळी आले की पहिला प्रश्न, "पसंती किती?" पसंती भरपूर आणि ऑर्डर नाही, असं झालं की मान हलवायचे. "बोलणी पुढे गेली नाहीत." ऑर्डर आली की "ठरलं". पार्सल कुरियरला देताना तर एकदा त्यांनी खोक्यावर हळदीकुंकू लावायला लावलं होतं. सून आधी हसायची, मग तीही फोनवर नवऱ्याला सांगायला लागली, "आज तीन ठिकाणी ठरलं."

फोटो काढून झाला की काका फोन घेऊन जिन्यातल्या पायरीवर बसायचे. "जरा हात फिरवतो," म्हणायचे. स्टुडिओत असताना हे काम ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं करायचे. आता बोट सरकवलं की काम होतं, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद. आम्ही म्हटलं, फिरवू देत हात.

नाचणीच्या पापडाला मागणी वाढली. नुसती वाढली नाही, धावायला लागली. पारूताईनं शेजारणीला मदतीला घेतलं. गच्चीवर जुन्या पांढऱ्या साड्या पसरून पापडच पापड. सून म्हणाली, "आई, दिवाळीला असंच राहिलं तर नोकरीचं नाव काढणार नाही."

आणि मग पुण्याहून पहिलं पार्सल परत आलं.

बाईंनी नुसतं परत नाही पाठवलं. त्यांनी आमचा फोटो आणि त्यांच्या हातातला पापड शेजारीशेजारी लावून सगळ्यांना दिसेल असं टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, 'दाखवला एक आणि दिला भलताच. हे पापड जळके आहेत का?' त्याच्याखाली आणखी लोक. आम्हालाही असेच आले. आम्हालाही. आम्ही साधे मागवले, हे तिळाचे कसे?

सुनेनं फोन माझ्या पुढ्यात धरला. मी चष्मा लावला आणि पहिल्यांदा आमचे सगळे फोटो नीट बघितले. आपण घरच्या माणसाकडे कधी नीट बघतो? सुरुवातीच्या फोटोतला पापड नाचणीसारखाच होता. पुढच्यात थोडा उजळ. त्याच्या पुढच्यात आणखी. असं करत करत शेवटच्या फोटोतला पापड दुधात बुडवून काढल्यासारखा गोरा झाला होता. आणि त्याच्यावर एक तीळ नव्हता. पारूताई पिठात मूठ मूठ तीळ घालते, त्यातला एकही नाही. गुळगुळीत.

काका आले तसं मी विचारलं, "काका, तीळ कुठे गेले?"

"काढले."

"काढले म्हणजे?"

"अगं, चेहऱ्यावर एवढे तीळ कोण ठेवतं? एखादा असला तर एक वेळ चालतो."

पारूताईनं कपाळावर हात मारला. "काका, पिठातले तिल हायत ते. बाजारातून आनलेत."

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. पण चेहऱ्यावरून वाटलं, आत्ता कळलंय. तरी माघार नाही. "आणि रंगाचं म्हणाल तर सावळी मुलगी सावळी दाखवली तर बघायला कोण येणार? आधी पाऊल तर पडू दे घरात. पोहे खाल्ले, बोलणं झालं, की रंग कोण बघतो? सगळ्या तालुक्याची लग्नं मी अशीच जमवलीत. ही समोर उभी आहे, हिचंही. विचारा."

 सून खाली गेली, लॅपटॉप उघडला आणि नोकरीचा अर्ज भरायला बसली. मला जिन्यातून दिसत होतं.

मग मी सांगितलं काकांना. मनात इतकी वर्षं होतं आणि सांगायचं कधी कारण पडलं नव्हतं.

माझं माहेर आपट्याचं. लग्नाचं बघायला लागले तेव्हा वडील मला एस.टी.नं पनवेलला यांच्याच स्टुडिओत घेऊन आले. बाकड्यावर बसवलं, पावडर लावली, हनुवटी खाली. आठ दिवसांनी फोटो आला. मी बघितला आणि आईला विचारलं, "ही कोण?" आई म्हणाली, "गप्प बस. छान आलाय." माझ्या हनुवटीवर तीळ आहे, चांगला मुगाएवढा. तो नव्हता. आणि मी अशी गोरी, जशी आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी नाही.

फोटो पनवेलला गेला, पसंत पडला, मंडळी बघायला आली. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आले. सासूबाईंनी पर्समधून फोटो काढला. फोटो बघितला, मला बघितलं, आणि मग माझ्या खांद्यावरून माझ्या मागे दाराकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "मुलीला बोलवा ना बाहेर."

"काका," मी म्हटलं, "मी समोर उभी होते आणि सगळे मला शोधत होते."

काका पायरीवर बसले. पारूताईनं लाटणं खाली ठेवलं.

काकांनी विचारलं, "मग?"

"मग काय. माझी मावशी म्हणाली, हीच ती.  पोहे गार झाले. तेवढ्यात आमचे हे, तोवर मान खाली घालून बसले होते, त्यांनी सासूबाईंच्या हातातून फोटो घेतला आणि माझ्या वडलांना परत दिला. म्हणाले, फोटो नापसंत आहे. मुलगी पसंत आहे."

"हे मला कुणी सांगितलं नाही," काका म्हणाले.

"तुम्ही खूश होतात. कशाला सांगायचं."

त्यांनी पडद्याची गुंडाळी केली, कोट पिशवीत घातला. चहा न घेता गेले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं काही परत घेता येत नाही. पुढचे काही दिवस ते तळ्यावरही दिसले नाहीत, असं ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढून सांगितलं. घरात परत आलेल्या पार्सलांचा ढीग. पारूताई येऊन नुसती बसायची. नातीनं त्या खोक्यांचं घर केलं होतं, तिला मजा.

एक दिवस सकाळी काका हजर. हात मोकळे. पिशवी नाही, पडदा नाही, पावडर नाही. थेट गच्चीवर गेले. साडीवर वाळत घातलेल्या पापडांपाशी उकिडवे बसले आणि पारूताईला म्हणाले, "तुझा हात तिथेच राहू दे. उचलू नको."

"सावली पडल मुलीवर."

"पडू दे."

पापडाला उभं केलं नाही, हनुवटीचं नाव काढलं नाही. तिचा काळा, पीठ लागलेला हात, त्याखाली पापड, वर ऊन. एकदा बोट टेकवलं आणि उठले. मग जिन्यात बसून स्वतः मजकूर लिहिला. एका बोटानं. माझे दोन चहा झाले. सून बाजूला उभी, हाताची घडी घालून. लिहून झालं तसा फोन तिच्या हातात दिला. त्यांनी लिहिलं होतं ते असं:

'स्थळ पनवेल. मुलगी नाचणीची. रंग सावळा, जन्मापासून. अंगावर तीळ भरपूर, सर्व खरे. बांधा पातळ. स्वभाव कडक, पण तेलात पडताच खुलते. यापूर्वीचे फोटो फोटोग्राफरने गोरे केले होते, त्यात मुलीचा दोष नाही. ज्यांची फसगत झाली त्यांनी कळवावे. मुलगी पुन्हा दाखवण्यात येईल, खर्च फोटोग्राफरचा.'

सून वाचता वाचता खाली बसली. आधी मला वाटलं रडते. ती हसत होती.

दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी लोक यायला लागले. 'आमच्याकडे पसंत आहे, कधी पाठवता?' 'मुलगा खिचडी आहे, एकुलता, चालेल का?' 'पत्रिका नको, पाकीट पाठवा.' 'मानपानात कुरडया मिळतील काय?' काका प्रत्येकाला गंभीरपणे उत्तर देत बसले. कुणीतरी विचारलं, 'गोरे पापड नाहीत का?' त्यांनी लिहिलं, 'आहेत, तांदळाचे. पण ही थोरली आहे, आधी हिचं होऊ दे.' शेवटी त्या पुण्याच्या बाई आल्या. मी श्वास रोखून वाचलं. 'पुन्हा बघायला तयार आहोत. तीळ मोजून घेऊ.'

पारूताई म्हणाली, "त्यांना दोन जास्ती घालून देऊ या."

नोकरीचा अर्ज सुनेनं भरला होता, पण पाठवला नाही. दिवाळी आली आणि गेली, दुकान होतं तिथेच आहे. फार मोठं नाही झालं. आमच्या गच्चीएवढं आहे.

काका मागच्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत गळ्याचं बटण लावलेलं. त्यांचा पडदा आमच्याकडे आहे, नात त्यावरचे हंस मोजते, तिचे पाच होतात.

पण मला सांगायचंय ते त्यांनी काढलेल्या शेवटच्या फोटोबद्दल. दिवाळीनंतर सून म्हणाली, दुकानाच्या पानावर वरती बरणीऐवजी आईंचा फोटो लावू. मी नाही नाही म्हणत सकाळी लवकर आंघोळ केली, चांगली साडी काढली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तोंडाला थोडी पावडर लावली. काकांनी जिना चढतानाच बघितलं. खिशातून रुमाल काढून दिला. "पूस."

खुर्चीत बसवलं, एक फोटो काढला, दाखवला. मी बघितलं. सावळी तर मी आहेच. पण डोळ्यांखाली दोन पिशव्या, कपाळावर आठ्या, हनुवटीवर तो तीळ, आणि तिळातून एक पांढरा केस. एवढं सगळं माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. आता पापडाच्या वेळी मीच एवढं भाषण दिलेलं. तरी मी हळूच म्हटलं, "काका, डोळ्यांखालचं तेवढं जरा… हात फिरवता का?"

काकांनी फोन छातीशी धरला. "नाही. माल परत येईल."

सून हसायला लागली. तेवढ्यात हे पेपर घेऊन उन्हाला आले. त्यांनी फोन मागून घेतला, लांब धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हा फोटो पसंत आहे."

मी विचारलं, "आणि मुलगी?"

"तिची परत करायची मुदत संपली," म्हणाले, फोन काकांच्या हातात दिला आणि पेपर उघडला.

मला जे हसू आलं म्हणता, मी खुर्चीत मागे रेलून हसले. कानावर ओळखीचा आवाज आला, कॅमेऱ्याचा. काकांनी दुसरा फोटो काढला होता. आयुष्यात पहिल्यांदा, आणि हनुवटी खाली न म्हणता.

दुकानाच्या पानावर आहे तो हाच. हनुवटी चांगली वर आहे, तिळासकट.